एकसष्टावं झाकण

सकाळी सहाला पळीताईने बोळातली झाकणं मोजली. साठ भरली. मग तिने उलट्या बाजूने, पाण्याच्या पंपाकडून मोजायला सुरुवात केली. तरीही साठच.

"डावीकडून कमी आली म्हणून उजवीकडून वाढणार आहेत का?" मागून शिंपी म्हणाला. बोळातला बल्ब परत लावायला तो काल विसरला होता, म्हणून आता स्टुलावर चढला होता.

"तू दिवा लाव आधी. अंधारात माणूस चुकतं."

दिवा लागला. झाकणं साठच होती. जे नव्हतं ते तिला अंधारातही कळलं होतं. वाटीएवढं, काठाला पोचा आलेलं, एका माणसाच्या डब्याचं झाकण. ते भिंतीवर नसण्याचा हा सलग चौथा दिवस.

या झाकणांची रीत बाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागते. ज्या घराला उद्या दुपारचं जेवण हवं, त्या घराने आदल्या संध्याकाळी आपल्या डब्याचं झाकण बोळातल्या खिळ्याला टांगायचं. वाटीएवढं झाकण म्हणजे एक तोंड, बशीएवढं म्हणजे तीन, ताटलीएवढं म्हणजे पाच-सहा. झाकणं बघून सकाळी तांदूळ किती धुवायचे ते ठरतं. टांगायची वेळ सहा ते आठ, आणि कोण आलं ते दिसू नये म्हणून तेवढा वेळ शिंपी बोळातला बल्ब काढून खिशात ठेवतो. एकदा तो बल्ब मागच्या खिशात ठेवून मशीनवर बसला. पुढचे आठ दिवस त्याने उभ्यानेच काम केलं, असं गल्लीत सांगतात. तो म्हणतो, तीनच दिवस. झाकणांना टांगायला पांढऱ्या पट्टीचे फास आहेत, तेही त्यानेच एकाच गुंडाळीतून कापलेले, सगळे सारखे, म्हणजे फासावरूनही कुणाचं झाकण कोणतं ते कळू नये.

जेवण शिजतं ती खोली पूर्वी लाँड्रीची होती. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी इथे धुतल्या जात. सहा वर्षांपूर्वी लाँड्री बंद पडली आणि गल्लीतल्या निम्म्या घरांची कमाई गेली. पाठोपाठ भाजीची दोन्ही दुकानं गेली. मोठा रस्ता ओलांडला की पलीकडे तीन दुकानांत काचेमागे सफरचंदं दिव्याखाली रचून ठेवलेली असतात. अलीकडे मिळतात ती पाकिटं, बिस्किटं आणि डोळे फुटलेले बटाटे. रस्ता सहा पदरी आहे आणि पूल पाऊण मैलावर. ज्याच्या गुडघ्यांत बळ आणि खिशात पैसा, त्याला भाजी. बाकीच्यांनी काचेकडे बघावं, तेही लांबून.

पळीताई दवाखान्याच्या भटारखान्यात बावीस वर्षं स्वयंपाकीण होती. निवृत्त झाली तेव्हा तिला एक शाल आणि एक घड्याळ मिळालं. तिने मागून घेतली ती मोठी पळी. त्या पळीवर आणि चार शेजाऱ्यांवर हे स्वयंपाकघर सुरू झालं. घाऊक बाजारात न खपलेली भाजी, वाकडी गाजरं, मऊ पडलेले टोमॅटो, पानं सुकलेले कोबी, टेंपोवाला रोज सकाळी साडेसहाला आणून टाकी. बाजाराला ती फेकायचीच असे. तांदूळ आणि तेल गल्लीतली बरी घरं देत.

खोलीला एक खिडकी होती, बाहेरून चादरींचं गाठोडं आत सरकवायला केलेली, रुंद आणि बुटकी. आतून बघणाऱ्याला त्यातून बाहेरच्याचे हात आणि सदऱ्याची खालची दोन बटणं दिसत. पळीताईने ती खिडकी बघितली आणि तिथेच दोन नियम केले. एक, वाढणाऱ्याने खिडकीतून वाकून वर बघायचं नाही. दोन, झाकणाप्रमाणे वाढायचं. कमी नाही, जास्त नाही, वेगळं नाही. दुपारी माणूस आपलं झाकण खिळ्यावरून काढी, डब्याबरोबर खिडकीत ठेवी, आणि डबा भरून परत आला की झाकण लावून निघे. कोण आलं ते आतल्यांना माहीत नसे. रांगेतली माणसं एकमेकांना दिसत, पण रांगेत उभा असलेला रांगेतल्या दुसऱ्याला काय हसणार?

पोचा आलेलं झाकण आठ महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आलं. पळीताईने वर बघितलं नाही. गरजच नव्हती. डबा धरलेल्या डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. चादरी पिळायच्या यंत्रात ती गेली, तेव्हा पळीताई सोळा वर्षांची होती आणि रक्ताने भिजलेलं फडकं तिनेच धुतलं होतं. तो तिचा थोरला भाऊ होता.

दादा लाँड्रीत बॉयलरवर होता. बाप लवकर गेला, तेव्हा चौदा वर्षांच्या दादाने कोळसा ओढून आईला आणि हिला जेवू घातलं. आपल्या ताटातलं काढून हिच्या ताटात टाकायचं आणि 'मी कामावर खाल्लंय' म्हणायचं, ही त्याची सवय. लाँड्री बंद झाल्यावर बायको वारली, मुलगी लांब नांदत होती. पळीताई महिन्यातून एकदा जेवायला बोलवी. दादाचं उत्तर ठरलेलं: "जेवून आलोय." ज्याला आपण भरवलं त्याच्या हातचं घ्यायचं नाही, हे त्याच्या हाडात होतं. पण खिडकीत हात कुणाचे ते दिसत नाही, आणि पळी कुणाची तेही बाहेरून दिसत नाही. त्या एवढ्याशा आडोशावर तो आठ महिने जेवला. ती रोज त्याचं झाकण शेवटी मोजी. मनातल्या मनात त्याचं नाव एकसष्टावं झाकण असं पडलं होतं, मग त्या दिवशी एकूण पन्नास असोत की सत्तर.

आणि मग तिच्या हातून चूक झाली.

त्या दिवशी भात जरा लागला होता. पातेल्याच्या तळाशी सोनेरी, जाड खरपुडी धरली होती. लहानपणी या खरपुडीवरून बहीणभावांची रोज भांडणं होत. आई ती मोडून अर्धी-अर्धी देई आणि दादा आपली अर्धी पुन्हा मोडून हिला देई. रांग संपत आली होती. अर्धी करंगळी खिडकीत आली. पळीताईने झाकणाप्रमाणे भात घातला, कालवण घातलं आणि काही विचार न करता तळहाताएवढी खरपुडी वरून ठेवली. डबा बाहेर गेला. झाकण लागल्याचा आवाज आलाच नाही.  मग पावलं गेली.

तिला तेव्हाच कळलं. ओळखलं होतं ते आठ महिने चाललं. ओळखल्याचं कळू दिलं, ते एक दिवसही चाललं नाही.

"साठांचे तांदूळ घ्यायचे ना?" शिंप्याने विचारलं.

"एकसष्टांचे घे."

साडेसहाला टेंपो आला. टेंपोवाल्याने कोबीची पोती उतरवली आणि बनियनमधून एक घडी घातलेला लिफाफा काढला.

"बाजाराचे साहेब बदललेत," तो म्हणाला. "हे भरून द्या म्हणतात. शुक्रवारी दुपारी स्वतः येणार आहेत बघायला. नाही भरलं तर शनिवारपासून माझी गाडी इकडे रिकामीच येईल. आणि रिकामी गाडी घेऊन मी तरी कशाला येऊ?"

आत छापील फॉर्म होता. वर ठळक अक्षरांत 'लाभार्थ्यांची यादी'. खाली रकाने: नाव, घर क्रमांक, मिळकत, गरजेचं कारण, सही.

"गरजेचं कारण," शिंप्याने मोठ्याने वाचलं. "काय लिहायचं? भूक?"

"बोटभरच जागा दिलीय," टेंपोवाला म्हणाला. "त्याहून मोठं कारण नको असेल त्यांना."

दुपारी भांडी घासून झाल्यावर चौघं पालथ्या पिंपांवर बसली. मास्तरीणबाईंनी फॉर्म दोनदा वाचला आणि पहिल्या ओळीतलं एक ऱ्हस्व पेनाने दीर्घ केलं. बत्तीस वर्षं शाळेत काढलेल्या. हिशोबी, सरळ आणि तोंडाने तिखट.

"लिहून देऊ," त्या म्हणाल्या. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? जेवतात ना? मग नाव सांगायला काय हरकत?"

"मी तर म्हणते बरंच होईल," औषधवाली म्हणाली. गल्लीच्या तोंडावरचं औषधांचं दुकान तिचं. दर महिन्याला तेलाचे डबे तीच पाठवी, आणि पाठवल्याचं आठवडाभर सांगे. "गरज नसलेलेही खात असतील. यादी झाली की दूध का दूध."

"तुझ्या तेलात कुणी पोहत नाहीये," शिंपी म्हणाला.

"तू गप रे. बल्बावर बसणारा माणूस."

 पळीताई पळी पुसत होती, आणि पळी केव्हाच कोरडी झाली होती.

"तुझं काय म्हणणं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"माझं म्हणणं नाही. माझी चूक सांगायचीय." तिने पळी खाली ठेवली. "गेल्या आठवड्यात मी खिडकीत एक हात ओळखला. ओळखला एवढंच नाही, ओळखल्याचं कळू दिलं. डब्यात जरा वेगळं घातलं, प्रेमाने. त्या दिवसापासून ते झाकण आलेलं नाही. चार दिवस झाले. मी दुकानात विचारलं, तो माणूस चहा आणि बिस्किटांवर आहे. एक खरपुडी जास्त घातली तर एक माणूस उपाशी राहिला. मग नाव, मिळकत, कारण आणि सही घातली तर किती राहतील?"

 कुणाचा हात ते कुणी विचारलं नाही. शिंप्याने मात्र पिंपावरून उठून खिडकीची फळी उगाच सारखी केली.

"आणि यादी नाही दिली तर सगळेच," औषधवाली हळू आवाजात म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"मग सगळ्यांचीच नावं लिहू," शिंपी म्हणाला. "पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत. अख्खी गल्ली. शोधू दे त्याला गरजू."

मास्तरीणबाई ताठ झाल्या. "खोटं लिहायचं? बत्तीस वर्षं हजेरी घेतली मी. गैरहजराला कधी हजर लिहिलं नाही."

"मग गैरहजराला हजर करू," पळीताई म्हणाली. तिचा आवाज आता स्वयंपाकघरातला होता, पाचशे रोग्यांचं जेवण वेळेवर काढणारा. "शुक्रवारी सगळी गल्ली इथलंच जेवेल. एकाही घरात दुपारची चूल पेटायची नाही. ज्याच्या घरात आहे त्याने त्या दिवशीचा आपला शिधा इथे आणून द्यायचा आणि झाकण टांगायचं. सगळे जेवले की यादी खरी झाली ना?"

मास्तरीणबाईंनी विचार केला. "खरी झाली," त्या म्हणाल्या.

"म्हणजे मीसुद्धा झाकण टांगायचं?" औषधवालीने विचारलं.

"तुला पोट आहे ना?"

"आहे की," शिंपी म्हणाला. "लांबूनही दिसतं."

गल्लीत एकशे एकतीस घरं. बुधवारी आणि गुरुवारी सकाळी मास्तरीणबाई आणि पळीताई दारोदार गेल्या. काही दारं लगेच उघडली, काही कडी लावूनच बोलली. तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, "मी तर तांदूळ देतो, मी कशाला?" मास्तरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही शुक्रवारी दुपारी जेवता का?" डॉक्टरांनी सही केली. एका म्हातारीने सही करता येत नाही म्हणून अंगठा दिला आणि मग शेजारणीला हाक मारून सांगितलं, "बघ, डॉक्टरच्या खालीच माझा अंगठा!" मिळकतीच्या रकान्यात मास्तरीणबाईंनी पट्टीने वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली. गरजेचं कारण सगळ्यांचं एकच लिहिलं, एकशे एकतीस वेळा, सुवाच्य अक्षरात: दुपारचं जेवण.

एकशे तीस सह्या झाल्या.

"राहिलंय एकच," मास्तरीणबाई जिन्यात थांबून म्हणाल्या.

"माहीत आहे."

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसलं दार आहे ते. मी एकटी जाऊ?"

"नको. मीच कडी वाजवते."

दार दादानेच उघडलं. दाढी वाढली होती. बहिणीला बघून तो क्षणभर उंबऱ्यातच थांबला, मग बाजूला झाला.

"ये. जेवून जा म्हटलं असतं, पण आत्ताच माझं झालं."

पळीताईने स्टोव्हकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. बावीस वर्षांच्या नाकाला कळत होतं की त्या खोलीत कित्येक दिवसांत काही शिजलेलं नाही. टेबलावर चहाचा पेला आणि बिस्किटांचा कागद होता. दादाने कागद मुठीत घेतला.

"यादीत नाव घालायचंय," ती म्हणाली. "गल्लीची यादी आहे."

"मी कुठं जेवतो तिथं?"

"कोण जेवतं ते लिहायचंच नाहीये. शुक्रवारी सगळेच जेवणार आहेत."

त्याने चष्मा लावला आणि यादी पहिल्या पानापासून वाचायला घेतली. एकेका नावावरून अर्धी करंगळी खाली सरकत होती. एका ठिकाणी ती थांबली.

"औषधवाली?"

"ती."

"तेलवाली औषधवाली?"

"तीच."

"आणि कारण काय, तर दुपारचं जेवण." त्याने पान उलटलं. "सगळ्यांचं तेच?"

"सगळ्यांना तेच लागतं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

दादाने यादी परत दिली. सही केली नाही. पेन पुढे केलेला मास्तरीणबाईंचा हात तसाच राहिला.

"भिंतीवर खिळे किती आहेत?" त्याने विचारलं.

"सत्तर."

"आणि झाकणं एकशे एकतीस. उरलेली काय माझ्या कानांना अडकवणार? ठोकलेत कुणी ते खिळे? शिंप्याने? तरीच माना टाकलेल्या आहेत त्यांनी."

'मग तू ये ना' हे शब्द पळीताईच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले. ती एवढंच म्हणाली, "शिंपी म्हणतो, भिंतच कच्ची आहे. काही धरत नाही."

"भिंत कच्ची?" दादाचा आवाज चढला. "त्या भिंतीतून वाफेची नळी नेलीय मी! चार माणसं लोंबकळली तरी हलायची नाही. शिंप्याला म्हणावं, सुई धर."

गुरुवारी दुपारी बोळातून ठोकायचा आवाज आला. खोलीतल्या कुणीही बाहेर डोकावलं नाही. पळीताईने पळी उगारून ताकीदच दिली होती. दादाने लाँड्रीची जुनी नळी मागच्या अडगळीतून ओढून काढली, घासली, जुन्या कड्यांतून बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली आणि तारेचे आकडे वळवून तिच्यावर ओळीने अडकवले. संध्याकाळी बल्ब खिशात घालताना शिंपी नळीला लटकून बघून आला. "हलत नाही," त्याने कबूल केलं. "पण हे माझं नाव घेऊन त्याला सांगू नका."

शुक्रवारी सकाळी पळीताईने आकडे मोजले. एकशे एकतीस. मग झाकणं मोजली. एकशे तीस. पंपाच्या टोकाचा शेवटचा आकडा रिकामा होता.

तिने तांदूळ एकशे एकतीस घरांचे घेतले.

त्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाजाराची भाजी तर होतीच. शिवाय घराघरांतून शिधा आला. कुणी पावशेर, कुणी पोतं. डॉक्टर स्वतः बटाटे सोलत होते आणि सालींबरोबर निम्मा बटाटा टाकत होते. म्हातारीने त्यांच्या हातातून सुरी काढून घेतली. "तुम्ही माणसंच कापा," ती म्हणाली. तीन पातेली कमी पडली, तेव्हा लाँड्रीची तांब्याची जुनी टाकी घासून चुलीवर चढली.

साहेब बाराला आले. नीटनेटका, घाम पुसणारा माणूस. वाईट नव्हता, घाईत होता. बोळातून येताना तो नळीखाली थांबला. दोन्ही बाजूंना झाकणं लोंबत होती, वाऱ्याने एकमेकांवर हलकेच वाजत होती.

"एवढे गरजू?" तो म्हणाला. "यातले खरे कोणते?"

"बघा आणि ओळखा," शिंपी म्हणाला.

साहेबांनी खरोखरच बघितलं. मग एका काळपटलेल्या, कड वाकलेल्या झाकणावर बोट ठेवलं. "हे, उदाहरणार्थ. अशी माणसं. अशांसाठी आहे ही भाजी."

"ते माझं आहे," मागून औषधवाली म्हणाली. "घरातलं चांगलं झाकण कोण टांगतं?"

शिंपी इतका हसला की त्याला पंपाचा दांडा धरावा लागला. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी बोटही मागे घेतलं. आत त्यांना स्टुलावर बसवून मास्तरीणबाईंनी यादी पुढे ठेवली. खिडकी उघडली होती. रांग पंपापासून रस्त्यापर्यंत गेली होती. हात येत होते, झाकणं येत होती, डबे भरून जात होते. अंगठी घातलेले हात, साबणाने फाटलेले हात, शाईचे हात. पळीताई खाली बघून वाढत होती.

"मिळकत लिहिलेली नाही," साहेब म्हणाले.

"रेघ मारलीय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "रकाना रिकामा नाही."

साहेबांनी पान उलटलं, मग पुढचं. शेवटच्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं. "इथे सही नाही. घर क्रमांक चौऱ्याहत्तर."

"आहे ते माणूस. गल्लीतच राहतं."

"राहतं, पण जेवतं का? सही नसेल तर यादी अपुरी. अपुरी यादी मला वर पाठवता येत नाही, बाई. एक तर सही घ्या, नाहीतर नाव खोडा."

मास्तरीणबाईंनी पळीताईकडे बघितलं. पळीताईची पळी पातेल्यावर थांबली होती. नाव खोडलं की भाजी वाचत होती. साठ घरांची, रोजची.

"खोडू?" मास्तरीणबाईंनी अगदी हळू विचारलं.

"रांग संपू दे," पळीताई म्हणाली. "रांग संपेपर्यंत कुणी गैरहजर नसतं. तुम्हीच शिकवलंय ना शाळेत?"

साहेबांनी घड्याळ बघितलं, पण थांबले. अर्धा तास गेला. रांग पंपापाशी आली, मग दारापाशी. शेवटचा डबा गेला. खिडकीत नुसता उजेड राहिला. मास्तरीणबाईंनी पट्टी हातात घेतली. खोडायचं तर सरळ खोडायचं होतं.

मग खिडकीत एक डबा आला. डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. उजव्या हातात पोचा आलेलं झाकण होतं.

"टांगायला जागा उरली नाही," बाहेरून आवाज आला. जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मोजणीत चुकलो मी. एक आकडा कमी लागला."

पळीताईने त्या दिवशी आकडे मोजले होते. तिने पळी भातात घातली. "होतं असं," ती म्हणाली. "घाईत काम म्हटल्यावर."

"सहीचं काय ते द्या इकडे."

यादी खिडकीतून बाहेर गेली. फळीवर ठेवून दादाने सही केली. जुन्या हजेरीपटावर करायचा तशी, पूर्ण नावाची, खाली दोन रेघा मारून. साहेबांनी ती बघितली, पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, "झालं." पुढे त्यांनी तीन महिन्यांची मंजुरी दिली, 'पुढील तपासणीपर्यंत' असा शेरा मारून. जाताना शिंप्याने त्यांना विचारलं, "साहेब, तुमचं झाकण कुठाय?" साहेब थांबले आणि मग उभ्याउभ्याच एक वाटी भात खाऊन गेले.

पण ते नंतर. तेव्हा पळीताई डबा भरत होती. झाकणाप्रमाणे भात, झाकणाप्रमाणे कालवण. कमी नाही, जास्त नाही, वेगळं नाही. तिने डबा फळीवर सरकवला. हात तो उचलेना.

मग खिडकीत सदऱ्याची वरची बटणं आली, मग हनुवटी, आज दाढी केलेली, मग चष्मा. वाढणाऱ्याने वाकायचं नाही असा नियम होता. घेणाऱ्याबद्दल कुणी काही ठरवलं नव्हतं. दादा गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता आणि सरळ तिच्याकडे बघत होता.

"तळाला काही धरलंय का?" त्याने विचारलं.

पळीताईने टाकीत पळी खरवडली. तळहाताएवढी खरपुडी निघाली. तिने ती मोडली. एक अर्धी त्याच्या डब्यात ठेवली आणि दुसरी, तो बघत असताना, आपल्या तोंडात टाकली.

"माझी मोठी आहे," ती भरल्या तोंडाने म्हणाली.

"नेहमीचंच तुझं," दादा म्हणाला, आणि झाकण लावल्याचा आवाज आला.

शनिवारी सकाळी तिने बोळातली झाकणं मोजली. शुक्रवार संपला होता, अख्ख्या गल्लीने टांगायची आता गरज नव्हती. तरी चौऱ्याऐंशी भरली. तेवीस घरं अशी होती, ज्यांनी शुक्रवारच्या आधी कधी झाकण टांगलं नव्हतं. त्यांच्या चुली कधीपासून थंड होत्या ते कुणाला माहीत नव्हतं. आता तांदूळ जास्त लागणार होते आणि तांदूळ कुठून आणायचे हा प्रश्न होता. तो तिने औषधवालीवर ढकलायचं ठरवलं. पोचा आलेलं झाकण पंपाच्या टोकाला, शेवटच्या आकड्याला होतं. ते तिने शेवटी मोजलं.